बॅटरीच असणार!

ट्रॅक्टर चालता चालता बंद पडणं वेगळं आणि सकाळी सुरूच न होणं वेगळं. चालताना बंद पडतो तो शेतात, एका कडेला. तिथं आपली फजिती बघायला बांधावर दोन बगळे असतात आणि ते कुणाला सांगायला जात नाहीत. सुरू न होणारा ट्रॅक्टर मात्र नेहमी दारात उभा असतो. रस्त्याला लागून, डेअरीला दूध घालायला निघालेल्या माणसांच्या वाटेवर. किल्ली फिरवली की ‘टक’ असा आवाज येतो. एरवी ज्यांना आपली हाक ऐकू जात नाही, ती माणसं तेवढ्या आवाजावर चार घरांपलीकडून उठून येतात.

मोठा ट्रॅक्टर असेल तर लोक जरा अंतर राखून उभे राहतात. मिनी ट्रॅक्टरचं तसं नाही. त्याचं बोनेट माणसाच्या कमरेला लागतं, जरा वाकलं की आतलं सगळं दिसतं, म्हणून येणारा प्रत्येक जण वाकतो. आणि एकदा वाकलेला माणूस मत दिल्याशिवाय सरळ होत नाही.

आमच्या निफाड-दिंडोरीकडं हे बुटके ट्रॅक्टर आले ते द्राक्षांमुळं. वेलींच्या दोन ओळींत नऊ-दहा फूट जागा, डोक्यावर मांडवाच्या तारा आणि तारांखाली घड. तिथं पन्नास अश्वशक्तीचं धूड घातलं तर फवारणीऐवजी काढणीच होईल. म्हणून पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर, मागं टाकी आणि पीटीओवर, म्हणजे इंजिनाच्या जोरानं फिरणाऱ्या मागच्या शाफ्टवर, चालणारा ब्लोअर. ऑक्टोबर छाटणी झाली, पोंग्यातून पानं बाहेर पडली, घड दिसायला लागले, की वर आभाळ भरून येतंच. रात्री पाऊस पडला तर पहाटे डाऊनी या बुरशीवरचा फवारा गेला पाहिजे. त्या फवाऱ्याला ‘उद्या’ चालत नाही. वर्षभराचा खर्च आणि सोसायटीचं कर्ज सगळं त्या एका पहाटेवर येऊन थांबतं, आपण किल्ली फिरवतो आणि ट्रॅक्टर म्हणतो, टक.

डाऊनीची पहाट टळली तर थंडीतली भुरीच्या फवाऱ्याची सकाळ असतेच. निफाडच्या थंडीचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून निघतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतो. राज्यात नीचांकी तापमान आमच्याकडं, याचा आम्हाला अभिमान आहे. बॅटरीला नाही. थंडीत तिच्या पोटातली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं आणि डिझेल इंजिनाला तर ठिणगीच नसते. हवा दाबून दाबून तापवायची आणि त्या तापल्या हवेत डिझेल उडवायचं, यावर त्याचा सगळा कारभार. म्हणजे ज्या सकाळी इंजिन फिरवायला सगळ्यात जास्त जोर लागतो, त्याच सकाळी बॅटरी सगळ्यात कमी जोर देते. गावात याला नजर लागली म्हणतात. बंपरला लिंबू-मिरची आधीपासून बांधलेली असते. ती वाळलीय, बदला, असं एक मत तेवढ्यात पडतं.

यंत्राच्या बिघाडाला लोक मान देतात. पट्टा तुटला तर तुटलेला दिसतो, ऑइल गळलं तर फरशीवर डाग दिसतो, त्यावर वाद होत नाही. वीज दिसत नाही. तिला वासही नसतो, आणि वास आलाच तर फार उशीर झालेला असतो. जी गोष्ट दिसत नाही तिच्याबद्दल माणसाकडं मत मात्र असतंच, हे आपल्याकडच्या बऱ्याच विषयांना लागू आहे. बंद ट्रॅक्टर त्यातला सगळ्यात स्वस्त विषय.

“काय भाऊ, लागंना का?”

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. विचारणाराही उत्तरासाठी थांबत नाही. तो बोनेटकडं येतो, वाकतो आणि जाहीर करतो, “बॅटरीच असणार!”

ही पहिली प्रतिक्रिया अटळ आहे. दुसरा आला की त्याला पहिल्यापेक्षा वेगळं बोलणं भाग असतं, म्हणून तो म्हणतो, “सेल्फ गेला.” सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिलं फिरवणारी मोटर. तिसऱ्याच्या मेहुण्याच्या ट्रॅक्टरला अगदी असंच झालेलं असतं. हा मेहुणा कुणी पाहिलेला नाही. त्याच्या ट्रॅक्टरला आजवर न झालेला बिघाड नाही, आणि दर वेळी नाशिकला नेऊन अठरा-वीस हजार खर्च केल्याशिवाय तो दुरुस्त झालेला नाही. आपल्याला फवारा मारायचा असतो आणि आपण मेहुण्याच्या खर्चाचा तपशील ऐकत उभे असतो.

आमच्याकडं याशिवाय वीज मंडळातून निवृत्त झालेले एक नाना आहेत. त्यांनी उभी हयात अकरा हजार व्होल्टच्या तारांखाली काढली. ते ट्रॅक्टरपाशी येतात, पण वाकत नाहीत. “बारा व्होल्टला मी वीज धरत नाही,” म्हणतात आणि तंबाखू मळतात. नानांचा अनुभव मोठा, पण इथं हिशेब व्होल्टचा नाही, अँपिअरचा आहे. घराच्या मीटरशेजारचा फ्यूज साधारण तीस अँपिअरला मान टाकतो. लहानशा डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना शे-दीडशे अँपिअर ओढतो. अख्ख्या घराच्या तीन ते पाच पट अँपिअर, बोटाएवढ्या जाड वायरीतून, दोन-चार सेकंदांपुरते. नानांना हे सांगितलं तर ते पिचकारी टाकून म्हणतात, “हात लावून बघ, काय होतंय का?” काही होत नाही, हे खरं आहे. त्यामुळं वाद ते जिंकतात.

पण हा शे-दीडशेचा आकडा ज्याच्या डोक्यात बसला त्याला अर्धी दुरुस्ती आली. कारण सगळी फसगत इथंच होते. “हॉर्न वाजतोय ना? लाइट लागतोय ना? मग बॅटरी चांगलीय!” असं म्हणणारा एक जण जमावात असतो आणि त्याचं सगळ्यांना पटतं. हेडलाइटच्या एका बल्बला चार-पाच अँपिअर पुरतात. हॉर्नलाही तेवढेच. मरायला टेकलेली बॅटरी हॉर्न खुशाल वाजवते. तिची परीक्षा सेल्फच घेतो.

म्हणून हेडलाइट लावायचा आणि तो चालू ठेवून किल्ली फिरवायची. एक पैसा लागत नाही. लाइट एकदम मंदावला किंवा विझला, तर सेल्फ वीज मागतोय आणि ती पुरत नाहीये. म्हणजे बॅटरी बसलीय किंवा टर्मिनल नीट धरत नाहीये. लाइट तसाच झगझगीत राहिला आणि इंजिन ढिम्म, तर सेल्फनं वीज मागितलेलीच नाही. दोष किल्लीत, फ्यूजमध्ये, सुरक्षेच्या एखाद्या स्विचमध्ये किंवा सेल्फच्या आत. अर्ध्या मिनिटात निम्मा ट्रॅक्टर संशयातून सुटतो. जमावाला ही परीक्षा आवडत नाही, कारण तिच्यात मताला जागा राहत नाही.

बॅटरीचं वय काढायचं तर ती ट्रॅक्टरपेक्षा फार जुनी. गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिसं आणि गंधकाम्ल घेऊन ती १८५९ मध्ये बनवली, तेव्हा बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू होऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. सेल्फ तिच्यानंतर अर्ध्या शतकानं आला. त्याआधी इंजिन हँडल मारून फिरवायचं आणि हँडलानं उलटा झटका दिला तर मनगटाचं हाड घेऊन दवाखान्यात जायचं. अमेरिकेतल्या डेटन गावात चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर दुकानाच्या गल्ल्याचं यंत्र विजेवर आणत होता. त्याच्या लक्षात आलं की गल्ल्याच्या मोटरीला दिवसभर राबायचं नसतं, गिऱ्हाईक आलं की क्षणभर जोर करायचा असतो. आणि क्षणभरच काम असेल तर लहान मोटर तिच्या ताकदीबाहेरचं कामही करून जाते. हीच युक्ती त्यानं मोटारगाडीला लावली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या हँडलाविना सुरू व्हायला लागल्या.

यातला ‘क्षणभर’ हा शब्द आमच्या गावापर्यंत पोचलेला नाही. इथं किल्ली फिरवली की ती इंजिन सुरू होईपर्यंत किंवा धूर निघेपर्यंत सोडायची नाही, असा रिवाज आहे. दहा सेकंद मारा, मग निदान अर्धा-एक मिनिट थांबा, मोटर गार होऊ द्या, असं पुस्तकात असतं. पण भोवती दहा माणसं उभी असताना स्टेअरिंगवर गप्प बसून एक मिनिट काढणं फार अवघड. त्या एका मिनिटात मेहुणा परत येतो.

हीटरचीही तीच कथा. लहान डिझेल इंजिनांत हीटर प्लग असतात. किल्ली अर्धी फिरवून डॅशवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ मारायचा. तो दिवा विझताना पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आता आवाजाकडं वळू. सेल्फचे आवाज हे खरं तर त्याचं स्वच्छ बोलणं आहे.

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला तर त्यात मोठी गंमत चाललेली असते. सेल्फवर एक सोलेनॉइड असतं, त्याला गावात कुणी सोलोनाइड म्हणतं, कुणी नुसतंच ‘डबी’. तिला चिकटायला थोडीच वीज लागते. ती चिकटते, मोटरीचा रस्ता उघडतो, मोटर एकदम शे-दीडशे अँपिअर मागते, बॅटरीचे व्होल्ट कोसळतात, त्याबरोबर डबी सुटते. डबी सुटली की भार जातो, व्होल्ट पुन्हा वर येतात, डबी पुन्हा चिकटते. बॅटरी बसली असेल किंवा टर्मिनल सैल असेल तर हेच चालू राहतं, किल्ली सोडेपर्यंत.

एकच दणदणीत ‘टक’ आणि मग शांतता, तर डबीनं तिचं काम केलं पण वीज पुढं गेली नाही. डबीतले तांब्याचे संपर्क जळालेले, किंवा मोटरीतले कार्बन झिजून अडकलेले. इथं दगडाचा प्रवेश होतो. एकानं किल्ली धरायची, दुसऱ्यानं सेल्फच्या अंगावर दगडानं हळूच ठोकायचं. पुष्कळदा ट्रॅक्टर सुरू होतो! अडकलेला कार्बन हलतो आणि पुन्हा आर्मेचरला टेकतो. उपाय अडाणी नाही, फक्त त्याचं आयुष्य थोडं आहे. पण एकदा दगडानं सुरू झाला की मालक त्या दगडाला टूलबॉक्समध्ये कायमची जागा देतो. दहा-अकराचा पाना सापडणार नाही, दगड सापडतो. कार्बनचा जोड बाजारात किरकोळ पैशांत मिळतो, हे सांगून उपयोग नाही. दगड फुकट आहे.

मोटर फिरल्याचा ‘सुंईई’ आवाज येतोय आणि इंजिन जागचं हलत नाही, तर सेल्फला इंजिनाच्या चाकाशी जोडणारं बेंडिक्स घसरतंय. ते खोलल्याशिवाय कळत नाही, तिथं फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. आणि इंजिन ताडताड फिरतंय पण पेटत नाही, तर विजेला दोष देणं सोडून डिझेलकडं बघावं. फक्त ज्या ट्रॅक्टरना डिझेल अडवणारं विजेचं सोलेनॉइड असतं, तिथं त्याची वायर एकदा हलवून बघावी.

राहिला शेवटचा प्रकार. किल्ली फिरवली आणि काहीच नाही. टकसुद्धा नाही.

या शांततेला लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि बहुधा तिच्यामागं सगळ्यात निरुपद्रवी कारण असतं. हल्लीच्या मिनी ट्रॅक्टरना सुरक्षेचे स्विच असतात. क्लच दाबलेला हवा, गिअर न्यूट्रलला हवा, पीटीओची दांडी बंदवर हवी. काहींना तर सीटवर माणूसही बसलेला लागतो. यातली एक अट चुकली तरी ट्रॅक्टर हूं की चूं करत नाही. आता दारात ट्रॅक्टर म्हटल्यावर संध्याकाळी घरातली सगळी पोरं त्याच्यावर बसून नाशिक, मुंबई, झालंच तर परदेशही करून येतात, आणि त्या प्रवासात पीटीओची दांडी चालूवर जाते. पहाटे मालक बॅटरी उतरवतो, दुसरी आणतो, ती जोडतो, सेल्फ खोलायला घेतो. चहा घेऊन आलेली त्याची बायको विचारते, “अहो, ही दांडी नेहमी अशीच असते का?” नंतर ट्रॅक्टर सुरू झाल्यावर या प्रश्नाचा उल्लेख कुणी करत नाही.

या स्विचांचं दुखणं असं की ते पायाजवळ, चिखलात आणि फवाऱ्याच्या पाण्यात असतात. दोन-तीन हंगामांत ते खरोखरच बिघडतात. नवा स्विच मागवायचा तर चार दिवस, म्हणून मिस्तरी दोन वायरी सोलून एकमेकींना पीळ देतो, वर चिकटपट्टी गुंडाळतो आणि म्हणतो, “डायरेक्ट करून दिलंय.” मालकाचा चेहरा खुलतो. मधली अडचण कायमची गेली! क्लच दाबायला नको, दांडी बघायला नको. आमच्या पंचक्रोशीत डायरेक्ट न झालेला मिनी ट्रॅक्टर म्हणजे एक तर नवा असतो, नाही तर शोरूममध्ये असतो.

याहून पुढची पायरी म्हणजे जमिनीवर उभं राहून सेल्फच्या दोन नटांना स्क्रूड्रायव्हर टेकवणं. झणकन ठिणगी उडते, इंजिन फिरतं, बघणाऱ्यांवर छाप पडते. इथं मात्र विनोद थांबवून बोललं पाहिजे. स्क्रूड्रायव्हर सगळ्या स्विचांना वगळून वीज थेट मोटरीला देतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो नुसता सुरू होत नाही, चालायला लागतो. आणि डिझेल इंजिन एकदा पेटलं की त्याला विजेची गरज राहत नाही, किल्ली काढली तरी बऱ्याच ट्रॅक्टरचं इंजिन थांबत नाही. टेकवणारा माणूस त्या वेळी मागच्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो. जगभर माणसं अशी गेली आहेत. ज्याला छाप पाडायची हौस असेल त्यानं दसऱ्याला ट्रॅक्टर चांगला सजवावा.

तर हे सगळं झालं तरी, माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ‘गेलेल्या’ सेल्फ आणि ‘बसलेल्या’ बॅटऱ्या दोन ठिकाणी दुरुस्त झाल्या: टर्मिनलवर आणि अर्थिंगवर. दोन्ही ठिकाणी खर्च नाही, फक्त हात काळे होतात. त्यामुळं तिकडं शेवटी बघतात.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढतो तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. ठिबकच्या नळीत क्षार साचल्यावर पंप कितीही मोठा लावला तरी शेवटच्या झाडाला पाणी जात नाही, तेच इथं होतं. हिशेब फार सोपा आहे. त्या थरामुळं जोडात ओहमचा पन्नासावा हिस्सा एवढाच अडथळा आला, तरी दीडशे अँपिअर वाहताना तिथल्या तिथं तीन व्होल्ट खाल्ले जातात. बॅटरीवर बारा, मोटरीपाशी नऊ. मालक नवी बॅटरी आणतो. नवी बॅटरी बसवताना टर्मिनल आपोआप घासलं जातं आणि ट्रॅक्टर सुरू होतो. “बघा, मी म्हटलं नव्हतं? बॅटरीच होती!” पहिला माणूस ओरडतो. त्याला खोटं पाडायला जुनी बॅटरी हाताशी नसते. ती दुकानदारानं भंगाराच्या भावात जमा करून घेतलेली असते.

द्राक्षवाल्यांच्या ट्रॅक्टरला हा थर लवकर चढतो, कारण आम्ही त्याला मोरचुदानं आंघोळ घालतो. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं वाटसरूंनी चोरू नयेत म्हणून बागायतदार हे निळं मिश्रण शिंपडत; त्या वेलींना डाऊनी कमी येते हे मिलार्दे या प्राध्यापकाच्या नजरेस आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते औषध म्हणून पुढं आणलं. चोरांसाठीचं औषध बुरशीला लागू पडलं. मोरचुदाला पान आणि नट यांतला फरक कळत नाही, तो उघड्या लोखंडालाही खातो. ब्लोअरचा पंखा ते धुकं बागेवर जेवढं उडवतो त्यातलं थोडं वळून ट्रॅक्टरवरच बसतं.

उपाय म्हणजे खायचा सोडा. गरम पाण्यात कालवून टर्मिनलवर ओतायचा, फसफसू द्यायचा, ब्रशनं घासायचं, कोरडं करून वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली. सोडा बॅटरीच्या झाकणातून आत मात्र जाता कामा नये. घरात भजी चपटी व्हायला लागली की समजावं, ट्रॅक्टरची देखभाल सुरू आहे.

अर्थिंगचं दुखणं यापेक्षा लबाड, कारण ते सुंदर दिसतं. बॅटरीची काळी वायर चासीला बोल्टनं आवळलेली असते. मालकाला हौस येते, तो ट्रॅक्टर रंगवून घेतो. रंगारी प्रामाणिक असतो, तो बोल्टखालीही रंग मारतो. रंगातून वीज जात नाही. ट्रॅक्टर नव्यासारखा चमकतो आणि तेव्हापासून सुरू होत नाही. गंज असला तरी तेच होतं, पण गंजावर संशय घेता येतो. नव्या रंगावर कोण घेणार?

उंदरांचं नाव न घेता हा विषय संपणार नाही. आमच्याकडं ट्रॅक्टरची शेड आणि कांदाचाळ शेजारी-शेजारी. उंदीर कांदा फारसा खात नाही, वायरीचं प्लास्टिक आवडीनं खातो.

आता ट्रॅक्टर कशानंही अडलेला असो, फवारा थांबत नाही, तेव्हा तात्पुरता मार्ग काढावा लागतो. दुसऱ्याच्या पिकअपची बॅटरी जोडून सुरू करणं हा सगळ्यात सभ्य मार्ग. लाल ते लाल, मग चांगल्या बॅटरीचं काळं, आणि त्या वायरीचं शेवटचं टोक बॅटरीला नाही तर आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडाला ठिणगी हमखास उडते, म्हणून ती लांब उडालेली बरी. पण त्यासाठी जाड केबल लागते. ती नसते. असते ती मांडवाची तार. “घे रे तार!” असं कुणीतरी म्हणतं. बारीक तारेतून दीडशे अँपिअर जायला लागले की ती लालबुंद होते आणि धरणारा नाचतो. ट्रॅक्टर सुरू होत नाही तो नाहीच.

धक्का मारून सुरू करायचा तर उतार हवा. गोदाकाठच्या सपाटीला उतार कुठून आणणार? म्हणून ज्यांचा ट्रॅक्टर कायम रुसलेला असतो ते तो पाटाच्या भरावावर नेऊन लावतात, चाकाखाली दगड देतात आणि घरी चालत येतात. कुणाच्या सेल्फची काय अवस्था आहे हे पाटावरून चक्कर मारली की कळतं. सोयरीक जमवताना मुलाकडची माणसं द्राक्षबाग दाखवतात, पण मुलीच्या मामानं पाटावर कुणाचा ट्रॅक्टर उभा आहे तेही बघून यावं.

अखेर मिस्तरीला फोन होतो. “निघालोच,” तो म्हणतो. पाठीमागून त्याच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. तो आला की गर्दी दोन पावलं मागं सरते. चांगला वायरिंगवाला मिस्तरी बोलत नाही. तो किल्ली एकदा फिरवतो, ऐकतो, मग मीटर काढतो. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १२.६ आले तर भरलेली, १२.२ आले तर अर्धी, बाराच्या खाली तर बसलेली. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून तेव्हाचा आकडा बघतो, ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही. मग एक टोक खुंटीवर आणि दुसरं टोक त्याच खुंटीवरच्या पट्टीवर ठेवतो. लोकांना हा वेडेपणा वाटतो, एकाच जागी दोन टोकं! पण सेल्फ मारताना तिथं आकडा दिसला तर तेवढे व्होल्ट त्या जोडात मरतायत. गेले दोन तास जो चोर पंचवीस माणसांना सापडला नाही, तो दोन टोकांच्या मध्ये पकडला जातो. मिस्तरी पट्टी काढतो, घासतो, आवळतो. ट्रॅक्टर पहिल्या टोल्याला सुरू होतो.

आणि गर्दीत निराशा पसरते. मला याचं फार नवल वाटतं. एवढी माणसं कामं टाकून उभी राहिली ती एका सैल नटासाठी? मेहुण्याच्या वीस हजारांपुढं हे म्हणजे काहीच नाही. मालकालाही ते सांगायची लाज वाटते. दुपारी पारावर कुणी विचारलं तर तो म्हणतो, “सेल्फ खोलावा लागला. आर्मेचरच गेलं होतं.” संध्याकाळपर्यंत आर्मेचर नाशिकला जाऊन रिवाइंड होऊन आलेलं असतं. अशा रीतीनं आणखी एक मेहुणा तयार होतो.

बॅटरी खरोखर बसते तेव्हाही बहुधा तिचा दोष नसतो. ट्रॅक्टर विझवल्यावरही गाण्याची सिस्टीम चालू राहते. मिनी ट्रॅक्टरला आता त्याच्या वजनाच्या मानानं फारच मोठे स्पीकर असतात. दसऱ्याला पूजा, मग मिरवणूक, मग रात्रभर रंगीत माळा. नाही तर डायनमोचा पट्टा सैल असतो आणि चार्जिंगच होत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण चौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. बाराच दिसत असतील तर नवी बॅटरीही पंधरवड्यात जुन्या बॅटरीच्या वाटेनं जाणार. डॅशवरचा बॅटरीचा लाल दिवा यासाठीच असतो, पण त्याचा त्रास होतो म्हणून त्याच्यावर स्टिकर लावलेलं असतं. बहुधा देवाचं.

म्हणून छाटणीच्या आधी, पाऊस नसताना, शेजारी कुणी नसताना एवढं करावं: गिअर न्यूट्रलला टाकून, आधी काळी आणि मग लाल वायर सोडून, दोन्ही टर्मिनलं आणि चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट घासून घ्यावा. अर्ध्या तासाचं काम आहे. मीटर बाजारात दोन-तीनशे रुपयांत येतो आणि वापरायला मोबाइलपेक्षा सोपा आहे. माझा पिवळा मीटर मात्र गेल्या हंगामात आपल्याच गावातल्या कुणीतरी, ‘लगेच आणून देतो’ म्हणून नेलेला आहे. त्याची एक वायर लाल आणि दुसरीही लालच आहे, त्यामुळं ओळख पटायला अडचण नाही. ज्याच्याकडं असेल त्यानं पुढच्या पावसाच्या आत आणून द्यावा. बॅटरी कुणाची बसली होती, ते मी विचारणार नाही.